अठ्ठेचाळीस मिलिमीटर

"आता जे सांगतोय त्यावर तुमच्यापैकी एकाचाबी विश्वास बसणार न्हाय," असं म्हणून आकारामनं दुधाचा पेला कट्ट्यावर ठेवला आणि मिशीला लागलेला फेस मुद्दामच पुसला नाही. "वरनं सॅटेलाईट ढगाचा फोटो काढायलाय. आनि त्या ढगाच्या पोटात, बरोबर मधोमध, छत्री धरून कोण हुबा हाय? तर मी."

फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, सयाजी गुडघ्यांत चरवी धरून धार काढत होता, आणि कुठल्या तरी गुऱ्हाळाचा वास पंचगंगेवरून गावात शिरला होता. पाऊस सरून चार महिने झाले होते, पण आकारामला पावसाच्या गोष्टीला पाऊस लागत नसे. कट्ट्यावर पाचसहा नेहमीची माणसं होती. त्यांत सगळ्यात पुढं हंबीरराव, एस.टी.च्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेला, ज्याचं आता आयुष्यात एकच काम उरलं होतं, ते म्हणजे आकारामला खोटा पाडणं. "छत्री आली का फोटोत?" त्यानं विचारलं. "काळी छत्री, काळा ढग. कशी दिसंल?" "मग तूच कशावरनं?" "माझ्याशिवाय तसल्या पावसात दुसरं कोण हुबं ऱ्हाईल मर्दा, तू?" सयाजी धार न थांबवता म्हणाला, "आण्णा, मागच्या आठवड्यात तुमी ढगात चालत जाऊन मसाई पठारावर निघालता. आज मधोमध हुबा. एक काय ते ठरवा की." माणसं हसली. आकारामही हसला. म्हणजे त्याचं तोंड हसलं. तोंडाला हे काम चांगलं जमत होतं. गेली सहा-साडेसहा वर्षं त्याचं तोंड एखाद्या जुन्या, विश्वासू नोकरासारखं सगळं आपलं आपण बघत होतं, आणि मालक कुठं आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात "आकाराम मामा तुम्हीच ना?" असं कुणीतरी म्हणालं. पंचविशीतली एक मुलगी, पाठीला सॅक, हातात प्लॅस्टिकची फाईल. घरी जाऊन आले, सूनबाईंनी इथं सांगितलं, माझं नाव दीक्षा, मी विद्यापीठात पीएच.डी. करते, हे तिनं एका दमात सांगितलं आणि हंबीररावानं सरकून दिलेल्या जागेवर बसली. मग फाईल उघडून तिनं एक झेरॉक्स त्याच्या मांडीवर ठेवला. "हे अक्षर तुमचंच आहे ना?"

अक्षर त्याचंच होतं. चारला पोट जास्त, आठ जरा डावीकडं कललेला. तारीख १७ जुलै १९९९. वेळ ३.४०. पाऊस, ४८. त्याला धक्का बसला असं म्हणता आलं असतं, पण धक्का बसायला आत काहीतरी लागतं. झालं एवढंच की पुढचा विनोद त्याच्या जिभेवर तयार होता तो तिथंच राहिला, आणि कट्ट्याचा दगड मांडीला गार लागतोय हे इतक्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं. म्हशीच्या शेपटीचा फटका सयाजीच्या मानेवर बसला. दुधाची धार चरवीत पडताना आधी पत्र्यासारखी वाजते, मग चरवी भरत जाते तसा तो आवाज मऊ, आंधळा होत जातो. तो आवाज ऐकत आकाराम म्हणाला, "व्हय. माझंच."

ती बोलत राहिली आणि तो ऐकत राहिला, निम्मं तिचं आणि निम्मं सरांचं. सर म्हणजे प्रोजेक्टचे सर. कॉलेजच्या भूगोल विभागात आकाराम प्रयोगशाळेत शिपाई होता, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावातला, गडाच्या वाटा पायाला पाठ असलेला, म्हणून अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात सरांनी त्यालाच निवडला. अमेरिका आणि जपाननं मिळून पाऊस मोजायला एक उपग्रह सोडलाय, तो आपल्या डोक्यावरनं जातो, असं सरांनी सांगितलं होतं. ढग कसा चढतो हे सर दूध उकळण्याच्या गोष्टीनं सांगायचे. ढग म्हणजे पातेल्यात वर येणारं दूध. खालची ऊब जितका जोर लावील तितकी उकळी वर चढते, वर आभाळ गार, गार म्हणजे किती, तर बर्फाच्याही खाली साठ-सत्तर अंश. उपग्रहाला उकळी दिसत नाही, तिचा माथा दिसतो. माथा किती गार, त्यावरून उकळी किती उंच, आणि उकळी किती उंच त्यावरून खाली पाऊस किती, असा त्याचा अंदाज. "पण आकाराम, आपल्या घाटातले ढग लबाड आहेत," सर म्हणायचे, "ते उंच जातच नाहीत. बुटके, कोमट डोक्याचे. वरून बघणाऱ्याला वाटतं, यात काय दम असणार. आणि खाली बघावं तर माणूस वाहून जाईल." हे खरं की खोटं ते वरून कळायला मार्ग नव्हता. त्या उपग्रहावर ढगाच्या आत बघणारं रडारही होतं म्हणे, पण त्याची नजर अरुंद, पन्हाळा त्या पट्टीत क्वचित यायचा. म्हणून खाली एक माणूस पाहिजे होता. वर तो, खाली आकाराम, मध्ये ढग.

"म्हणजे सयाजीच्या पेल्यागत," हंबीरराव दीक्षाला म्हणाला. "वरनं बघावं तर काठोकाठ, फुंकून बघावं तर निम्मा फेस." सयाजी म्हणाला, "तुमी नका पिऊ." दीक्षा हसली आणि म्हणाली, "बरोबर. फक्त माझं म्हणणं उलटं आहे. वरून फेस थोडा दिसतो, दूध जास्त आहे." कट्ट्यावरच्या माणसांना हे एकदम पटलं. पोरगी हुशार निघाली.

तिनं मग दुसरा कागद काढला. आडवी रेघ, उभी रेघ, आणि त्यांच्या मधल्या चौकोनात मुंग्यांसारखे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे पन्हाळ्यावरची एक वेळ, उपग्रह गेला ती. आडवं बघितलं की ढगाचा माथा किती गार, उभं बघितलं की खाली पाऊस किती. मुंग्या बहुतेक खालच्या अंगाला गोळा झालेल्या, आणि वर, पार वर, एकटा एक ठिपका. बाकीच्यांनी टाकून दिल्यासारखा. "हे तुमचे अठ्ठेचाळीस," दीक्षा म्हणाली. "एका तासात. आणि माथ्याचं तापमान शून्याच्या वर नऊ अंश. इतक्या बुटक्या ढगातून इतका पाऊस माझ्या सगळ्या नोंदींत दुसरा नाही. माझ्या थिसिसचं शेवटचं प्रकरण ह्या ठिपक्यावर उभं आहे." सोमवारी तिचा व्हायवा होता. पुण्याच्या परीक्षकांनी पत्रातच विचारलं होतं, ह्या एका नोंदीची खात्री काय. सर तीन वर्षांमागं वारले, त्यांचे कागद पांगले, रजिस्टर तेवढं उरलं. तिच्या गाईड बाईंनी सांगितलं होतं, तो मोजणारा माणूस हुडक, जिवंत असला तर त्याच्याकडून लिहून घे. तिनं लिहूनच आणलं होतं. चार ओळी. सदर दिवशी सदर वेळी मी स्वतः पन्हाळा येथे हजर राहून पाऊस मोजला आहे. खाली सहीला जागा. "आजी रोज विचारते, डॉक्टर झालीस का," ती जरा लाजून म्हणाली. "तिला सांगितलंय, एक मामा सापडायचा राहिलाय."

पेन तिनं टोपण काढून दिलं. आकारामनं ते घेतलं, कागद मांडीवर सपाट केला, आणि सही करण्याऐवजी तो बोलायला लागला. "त्या दिवशीचा पाऊस म्हंजे काय सांगू," तो म्हणाला. हे त्यानं ठरवलं नव्हतं. तोंडानं ठरवलं. "सकाळधरनं गड दिसत न्हवता. मी एस.टी.तनं उतरलो तर माझा हात मला दिसंना. गडाच्या तीन दरवाज्याजवळ आमचं पावसाचं नळकांडं रोवलेलं, मागं एक बंद खोली. तिथवर मी भिंतीला हात लावत गेलतो." आणि बोलता बोलता त्याला ती भिंत खरंच लागली, ओली, शेवाळलेली, कारण दुसऱ्या शंभर दिवशी तो तसाच गेला होता. खोटं बोलायला फार काही लागत नाही, शंभर खऱ्या दिवसांतला एकेक तुकडा घेऊन एक दिवस शिवायचा. त्या एका दिवसाचा मात्र एकही तुकडा त्याच्याकडं नव्हता. त्या दिवशी तो गडावर नव्हताच. तो कोल्हापुरात दवाखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर बायकोच्या, शालूबाईच्या, खाटेशी बसला होता, आणि ऊन पडलं होतं.

ऊन पडलं होतं हे त्याला पक्कं आठवत होतं, बाकी सगळं विरलं तरी. आषाढातलं, पावसाच्या दोन सरींत सांडलेलं, धुतल्यासारखं ऊन खिडकीच्या गजांतून चादरीवर पडलेलं आणि शालूबाईचे पाय त्या उन्हात. पाय सुजले होते. सकाळीच सिस्टरबाई म्हणाल्या, पैंजण काढून घ्या, रुतायला लागलेत. हुपरीचे चांदीचे पैंजण, लग्नातले, वीस वर्षं न काढलेले, कडी मळानं घट्ट बसलेली. त्यानं साबण लावला, दातानं धरून बघितलं, तेव्हा ती म्हणाली, "चावतासा काय आता मला." एवढंच बोलली. मग पैंजण त्याच्या पँटच्या खिशात गेले आणि तो जरा हलला की वाजायला लागले, बाईमाणूस चालल्यासारखे. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दर वेळी दाराकडं बघायची, कोण आलं म्हणून. शालूबाईच्या पायांवर पैंजणांच्या जागी फिक्या दोन रेघा राहिल्या होत्या. त्या रेघांकडं बघत तो बसला होता, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात सरांनी छापून दिलेलं वेळापत्रक होतं. उपग्रहाच्या वेळा रोज सरकायच्या, या पंधरवड्यात दुपार तर पुढच्यात सकाळ, म्हणून तो कागद कायम अंगावर. त्यात आजची ओळ होती. ३.४०.

शालूबाई त्या उपग्रहाला सवत म्हणायची. "सवतीची वेळ झाली, जावा," असं म्हणून ती भाकरी बांधून द्यायची, आणि परत आल्यावर विचारायची, "बघितलं काय तिनं वरनं? काय म्हणाली?" आकाराम सांगायचा, म्हणाली मिशी बारीक कर. आकाराम सांगायचा, म्हणाली बायकोला न्हाईतर मला ठेव, दोन्ही जमायचं न्हाय. शालूबाई म्हणायची, "थापाड्या," आणि तो शब्द ऐकायला तो सहा मैलांची थाप रचत गड उतरायचा. थाप मारणाऱ्याचं सुख लोकांना कळत नाही. लोकांना वाटतं, त्याला फसवायचं असतं. त्याला पकडलं जायचं असतं. समोरच्यानं डोळे बारीक करून "चल, थापा नकोस मारू" म्हटलं की गोष्ट पुरी होते, दूध उतू जायच्या आत पातेलं उतरवावं तशी. कुणी म्हटलंच नाही तर ती वर वर चढत राहते.

"मग नळकांडं रिकामं केलं का आधी?" दीक्षानं विचारलं. तिनं वही काढली होती. "केल्याबगर कसं?" आकाराम म्हणाला. "सॅटेलाईट यायच्या आधी अर्धा तास भांडं रिकामं. तिथनं एक तास थांबायचं. आनि मोजायचं. ह्यात बदल न्हाय. त्या तासात, हंबीरराव, तू आयुष्यात बघितला नसशील असा पाऊस. थेंब न्हाईच. आख्खं पाणी उभंच्या उभं सरळ खाली येतंय. छत्री अशी खाली बसली डोक्यावर. दरवाज्याच्या दगडावरनं लोट. एक कुत्रं माझ्या पायात येऊन बसलं, गडावरचं, अनोळखी, आनि थरथरायला लागलं." कुत्रं चांगलं निघालं. कुत्रं कुठून आलं ते त्याला माहीत नव्हतं. हंबीररावानं पेला खाली ठेवला होता आणि तोंड उघडं ठेवून तो ऐकत होता. "आयला," तो हळूच म्हणाला. "म्हंजे हे खरं म्हण की." सयाजी धार थांबवून बघत होता. त्यांना तो कागद दिसत होता, त्यावरचे इंग्रजी आकडे, वर एकटा ठिपका, आणि आपला आकाराम. ज्या थापेला अमेरिकेचा उपग्रह साक्षीदार आहे तिला ते काय म्हणणार होते. आकाराम एकेकाच्या तोंडाकडं बघत गेला. सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आज पहिल्यांदाच, आणि ह्याच गोष्टीवर.

दवाखान्यात तीन चाळीसला तो उठला होता. कुणी उठ म्हटलं नव्हतं. शालूबाई डोळे मिटून होती, सलाईनचा थेंब पडत होता, आणि त्याचं अंग आपलं आपण उठलं, जसं दोन पावसाळे उठत आलं होतं. खिशातले पैंजण वाजवत तो व्हरांड्यात गेला आणि कठड्याला धरून वर बघायला लागला. वर काहीच नव्हतं. उपग्रह कधी दिसतच नसे, पण आकारामला मान वर करायची सवय होती, देवळापुढनं जाताना हात जातो तशी. वायव्येला, पन्हाळ्याच्या अंगाला, करडा ढग बसलेला दिसत होता, बुटका, सपाट डोक्याचा, जोतिबाच्या डोंगरापर्यंत पसरलेला. उपग्रह आता तिथं वर आहे, त्याला वाटलं, आणि खाली मी नाही. नळकांडं एकटंच आहे. दुपारी दीडची एस.टी. सोडली तेव्हा आपण काहीतरी निवडलं असं त्याला वाटलं होतं. बायको निवडली. आणि आता बायकोकडं पाठ करून तो ढगाकडं बघत होता. दोन मिनिटं झाली असतील. फार तर तीन. तो परत आला तेव्हा सिस्टरबाई सलाईनची नळी बंद करत होत्या आणि शेजारची म्हातारी दाराकडं न बघता त्याच्याकडं बघत होती. तो गडावरही नव्हता आणि खाटेशीही नव्हता. त्या दोन मिनिटांत तो कुठं होता, ह्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही. पुढं लोक आले, भाऊबंद आले, पोरगा सांगलीहून आला, कुणीतरी त्याला धरून रडलं, आणि तो त्यांच्या पाठीवर थोपटत राहिला. एक पाहुणा दुसऱ्याला म्हणाला, धीराचा माणूस. आत काय चाललंय हे त्यालाही दिसत नव्हतं. वरून दिसत होतं तेवढंच त्यालाही दिसत होतं. शांत, सपाट. बसून बसून मांडी बधिर होते आणि मुंग्या यायच्या आधीचा एक वेळ असतो, हात लावला तर दुसऱ्याच कुणाचा पाय वाटतो, तसा तो स्वतःला हात लावून बघायचा. मुंग्या काही आल्या नाहीत. कंटाळून मग त्यानं हात लावायचं सोडून दिलं.

रक्षाविसर्जन उरकून, शालूबाई गेल्याच्या पाचव्या दिवशी तो गडावर गेला. नळकांड्यातली बाटली काठोकाठ भरली होती, चार दिवसांचं पाणी. ते मोजून चार दिवसांची एक बेरीज लिहिता आली असती आणि सतराच्या चौकोनात आडवी रेघ मारता आली असती. सर काही बोलले नसते. सरांना बातमी कळली होती, त्यांनी निरोपही दिला होता, घाई करू नकोस. पण त्या रिकाम्या चौकोनाकडं बघत तो उभा राहिला, आणि मग त्यानं बाटली उचलून सगळं पाणी न मोजता गवतात ओतलं. नोकरीत पहिल्यांदा. पाणी ओतल्याचा आवाज झाला नाही, गवत आधीच ओलं होतं. खोलीत जाऊन त्यानं रजिस्टर उघडलं आणि हातानं ४८ लिहिलं. का अठ्ठेचाळीस, हे त्याला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एक तासात पन्हाळ्यावर अठ्ठेचाळीस म्हणजे थापच होती, उघडीवाघडी, मिशीला फेस लावून आलेली. सर बघतील आणि चष्मा वर करून म्हणतील, आकाराम, हे काय. मग सांगता येईल. सर, मी न्हवतो तिथं. सर, मी कुठंच न्हवतो. पण सरांनी तो आकडा बघितला, उपग्रहानं दिलेल्या ढगाच्या माथ्याच्या तापमानाशेजारी मांडला, आणि त्यांचे डोळे चमकले. "हेच," ते म्हणाले. "हेच मी म्हणत होतो." त्यांनी आकारामच्या खांद्यावर हात ठेवला. घरात एवढं झालं असताना माणसानं नोंद चुकवली नाही, हे त्यांनी विभागात सगळ्यांना सांगितलं. तो आकडा पुण्याला गेला, छापून आला, परदेशात कुठं तरी गेला. सर होते तोवर आकाराम वाट बघत राहिला, आणि कट्ट्यावर दुसऱ्या, भलत्या, स्वस्त थापा मारत राहिला, ज्या दोन मिनिटांत पकडल्या जायच्या. सर गेल्याचं कळलं तेव्हा त्याला पहिलं वाटलं ते एवढंच, की आता विचारणारं कुणी उरलं नाही.

"आणि मोजताना?" दीक्षा म्हणाली. "मोजताना पाऊस चालू होता?"

"चालू म्हंजे," तो म्हणाला. पेन अजून हातात होतं, शाई कोरडी पडत आली असणार. सही केली की झालं, त्याला वाटलं. पोरगी सोमवारी डॉक्टर होईल, आजीला सांगेल मामा सापडला, आणि शालूबाईच्या त्या दोन मिनिटांवर एक कायमचा, छापील, शिक्क्याचा पाऊस पडत राहील. न करावी तर हिची तीन वर्षं. दोन्हीकडं बघून त्याला काहीच होत नव्हतं. तोंड बोलत होतं. "मी खोलीच्या वळचणीला बाटली घेऊन बसलो. मापाचा काचेचा पेला एवढासा, त्यात वीसच मिलिमीटर मावतात. पहिला पेला भरला, वीस. फेकला. दुसरा भरला, वीस. फेकला. म्हटलं हाय काय हे. तिसऱ्यांदा ओतलं, तर आनि आठ."

"आठ," हंबीरराव म्हणाला, जसं काही तोच ओतत होता. "अठ्ठेचाळीस."

दीक्षानं मान हलवली आणि लिहून घेतलं. वीस, वीस, आठ. मग ती थांबली. पेनाचं टोक तिनं त्या तीन आकड्यांवर पुन्हा एकदा फिरवलं. झेरॉक्सचा गठ्ठा मांडीवर घेऊन ती पानं मागं उलटायला लागली, मग पुढं, बोट एकेका ओळीवर ठेवत. सयाजीनं म्हैस सोडली, ती रस्त्यावर शेण टाकत निघून गेली. दुसऱ्या म्हशीखाली चरवी लागली आणि पत्र्यावर पहिली धार वाजली. आकारामनं त्या मुलीच्या बोटाकडं बघितलं आणि त्याच्या छातीत नाही, पोटातही नाही, दगडावर दुमडून ठेवलेल्या डाव्या पायात, पार खाली घोट्याशी, काहीतरी टोचल्यासारखं झालं.

"मामा," दीक्षा म्हणाली. तिचा आवाज जरा खाली आला होता आणि विद्यापीठातलं बोलणं त्यातनं गळून गेलं होतं. "तीन पावसाळ्यांचं रजिस्टर मी उतरून काढलंय. पाऊस वीसच्या वर गेला की तुमी पेले लिहिता. वीस अधिक सहा. वीस अधिक अकरा. खाली बेरीज. अकरा ठिकाणी हाय. इथं नुसता आकडा हाय."

"राहिलं असंल घाईत," हंबीरराव म्हणाला. "अगं, तसल्या पावसात बेरजा कोण लिवतं."

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. एक पान काढून तिनं आकारामच्या मांडीवर ठेवलं, सहीच्या कागदावर. "ही चौदा ऑगस्टची. तुमचा हात कापलाता काचेनं. झेरॉक्सातबी डाग आलाय बघा. तरीबी वीस अधिक तीन लिवलंय तुमी."

आकाराम त्या डागाकडं बघत राहिला. पायातलं टोचणं घोट्यावरून वर चढायला लागलं होतं, एकेक मुंगी, सावकाश. त्यानं मिशीवरचा वाळलेला फेस पुसला. दीक्षानं आपला आलेख हातात घेतला, वरच्या त्या एकट्या ठिपक्यावर अंगठा ठेवला, आणि काढला नाही.

"मामा," ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी पन्हाळ्यावर न्हवताच."